नाकातली लस आणि आजीची पुरचुंडी

शाळेचा फॉर्म ऐन नवरात्रात आला. इंग्लंडमध्ये सप्टेंबर उजाडला की मुलांच्या फ्लूच्या लसीची धांदल सुरू होते. दोन-तीन वर्षांच्या पोरांना जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे नेऊन आणायचं. रिसेप्शनपासून इयर इलेव्हनपर्यंतच्या, म्हणजे साधारण चार ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी मात्र नर्सच शाळेत येतात. पैसे पडत नाहीत, आईबापांनी फक्त ऑनलाइन संमती द्यायची.

आणि ही लस टोचत नाहीत, नाकात फवारतात! बिनसुईची छोटीशी सिरिंज, प्रत्येक नाकपुडीत ०.१ मिली. दट्ट्याला मध्येच एक चिमटा लावलेला असतो, त्यामुळे अर्धी मात्रा गेली की तो अडतो. चिमटा काढायचा आणि उरलेली दुसऱ्या नाकपुडीत. लसीत विषाणू जिवंत असतो, पण दुबळा केलेला. नाकातल्या गारव्यात तो जेमतेम वाढतो, फुप्फुसातल्या उबेत त्याचं काही चालत नाही.

सहा महिन्यांसाठी आलेली आई हे सगळं कौतुकानं ऐकत होती. मी फॉर्म वाचत होते. गेल्या तीन दिवसांत छातीत घरघर झाली का? घरात कुणाची प्रतिकारशक्ती फार कमी आहे का? मग पुढची ओळ आली: लसीत डुकरापासून काढलेलं जिलेटिन आहे.

आईचे नऊ दिवसांचे उपास चालू. देवघर म्हणजे स्वयंपाकघरातलं एक कपाट, त्यात घट बसलेले. आम्ही दोघं अंडी-चिकन खातो आणि ते तिला ठाऊक आहे, तरी हा शब्द तिच्यासमोर उच्चारायला माझी जीभ रेटेना. शेवटी सांगितलंच. लस टिकावी म्हणून घालतात, अगदी शुद्ध करून घेतलेलं असतं, आणि नको असेल तर जिलेटिन नसलेलं इंजेक्शन मागता येतं. इथली बरीच मुसलमान कुटुंबं तेच घेतात.

आई थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "तुला २००९ आठवतंय का गं?"

न आठवून कसं चालेल! स्वाइन फ्लूनं देशातला पहिला बळी पुण्यात घेतला, ऑगस्टच्या सुरुवातीला, एका शाळकरी मुलीचा. शाळा-कॉलेजं बंद, नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा, लक्ष्मी रोडवर तोंडाला रुमाल बांधलेली माणसं. आईनं घरातल्या प्रत्येकाला कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी करून दिली होती. बसमध्ये सगळ्यांच्या नाकाशी तेच! पुढच्या वर्षी सिरम इन्स्टिट्यूटनं त्याच आजारावर नाकातून द्यायची लस बाजारात आणली. म्हणजे फवाऱ्याचं हे प्रकरण आम्हा पुणेकरांना काही नवं नव्हे.

"पोराला सुईची भीती वाटते ना? मग नाकातलीच दे," आई म्हणाली. "माझा उपास आहे, त्याचा नाही."

बहिणीला फोनवर हे सांगितलं तर तिला हसू आवरेना. तिच्या मुलीला पुण्यात मे-जूनमध्येच टोचून आणतात, कारण आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो. सरकारी मोफत लसीकरणात ती नाही, त्यामुळे पदरचे पैसे. शिवाय पहिल्याच वर्षी लहान मुलांना महिन्याच्या अंतरानं दोन डोस, म्हणजे दोनदा रडारड. विषाणू रूप बदलत राहतो म्हणून दर वर्षी नव्यानं घ्यायची, हे मात्र दोन्हीकडे सारखंच. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीत कुठले प्रकार घालायचे ते सुचवते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरमध्ये दक्षिणेसाठी.

चिरंजीव शर्टावर स्टिकर मिरवत घरी आले. "आजी, नुसत्या गुदगुल्या झाल्या!" दुसऱ्या दिवसापासून नाक गळायला लागलं. असं होतं, हे पत्रकात लिहिलेलंच होतं, पण आईनं लगेच सुंठ उगाळली. खरं तर मुलांना लस देण्यात तिच्यासारख्यांचाही विचार आहे. पोरं शाळेतून फ्लू आणतात आणि अंथरुणाला खिळतात आजी-आजोबा. तिनंही मग फार्मसीत पैसे भरून दंडावर टोचून घेतली.

शनिवारी त्याचं जाकीट धुवायला काढलं. खिशात दोन सुकी पानं, ओकचं एक फळ आणि आईच्या जुन्या साडीच्या चिंधीत बांधलेली पुरचुंडी. हुंगून पाहिली. कापूर चुकून पोराच्या तोंडात गेला तर घात होईल, म्हणून तेवढा काढून टाकला. वेलदोडे ठेवून गाठ पुन्हा मारली.