फोटोत तर विमान तयार दिसतंय, मग उडवायला कधी देणार?

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदाच बसून सविस्तर लिहितो. फ्लाइटगियर हा फुकट मिळणारा फ्लाइट सिम्युलेटर आहे, त्याच्यासाठी मी पुस मॉथ नावाचं जुनं विमान बनवतोय. अधूनमधून मित्रांना त्याचे फोटो पाठवतो आणि दर वेळी कोणीतरी विचारतंच, अरे पंख झालेत, चाकं झालीत, आतले काटेसुद्धा फिरतायत, मग अडलंय कुठे? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, अडलंय ते फोटोत न येणाऱ्या भागात, आणि माझ्या मते विमान म्हणजे तोच भाग.

आधी पुस मॉथच का ते. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून टपाल घेऊन निघाले, अहमदाबादला उतरले, तिथे बैलगाडीतून आलेलं पेट्रोल भरलं आणि दुपारी जुहूला पोचले, ते याच विमानातून. जुहूहून ते टपाल पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला त्यांचे साथीदार वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेलं. एअर इंडियाची सुरुवात ही. (बरेच जण त्या विमानाला लेपर्ड मॉथ म्हणतात, पण लेपर्ड मॉथ १९८२ चं, ५० वर्षं झाली म्हणून जेआरडींनी ७८ व्या वर्षी तोच प्रवास पुन्हा केला तेव्हाचं.) आणि मी पुण्याचा, त्यामुळे मला याहून जवळची वाटणारी गोष्ट म्हणजे पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जायचं तेव्हा टाटांचं सगळं बिऱ्हाड, विमानं, पायलट, मेकॅनिक सगळे, पुण्याला येरवड्यात जेलजवळच्या मैदानावर हलायचं. येरवड्यावरून रोज येजा करणाऱ्या लोकांना हे माहीतच नसतं. मला वाटतं की कोणीतरी घरी बसून कराची ते जुहू हे साधारण हजार किलोमीटर अंतर ताशी १६० च्या आसपास, रेडिओ नाही ऑटोपायलट नाही, फक्त होकायंत्र आणि खालचा किनारा बघत स्वतः कापावं, आणि हातात जे विमान असेल ते त्या विमानासारखं वागावं. नुसतं तसं दिसणारं मला नकोय.

दिसण्याचं काम ब्लेंडर या थ्रीडी आकार बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. विमानाचे तीन बाजूंचे जुने नकाशे मागे लावायचे आणि त्यावर आकार चढवत जायचा, ११.२ मीटरचे पंख, सिलिंडर खाली येतील असं उलटं बसवलेलं चार सिलिंडरचं जिप्सी थ्री इंजिन, बंद केबिन, मग रंग, मग काचेवरची धूळ. वेळ भरपूर जातो पण या कामात एक सुख आहे, चुकलं तर डोळ्याला लगेच दिसतं, दार वाकडं असेल तर वाकडंच दिसणार. म्हणून फोटो लवकर येतात.

फ्लाइट मॉडेलचं, म्हणजे विमान हवेत कसं वागेल त्या हिशोबाचं, तसं नाही. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये विमानाचा आकार दिला की ते सॉफ्टवेअर पंखाचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यावर हवेचं बळ किती हे स्वतः काढतं. फ्लाइटगियरमध्ये उडण्याचा हिशोब करायला मी जे जेएसबीसिम वापरतो त्यात आकाराचा आणि उडण्याचा काही संबंधच नाही. तिथे एक एक्सएमएल फाइल असते आणि तिच्यात सगळं आपण लिहायचं, वजन किती, गुरुत्वमध्य कुठे, नाक अमुक अंश वर असेल तर लिफ्ट (वर उचलणारं बळ) किती, रडर (शेपटीवरचं सुकाणू) इतका दाबला तर वळण्याचा जोर किती, प्रॉपेलर कुठल्या वेगाला किती ओढतो. स्क्रीनवर पुस मॉथ दिसत असेल आणि आत आकडे सेस्नाचे (आजचं नेहमीचं छोटं विमान) असतील तर उडणार सेस्नाच. असे अ‍ॅड-ऑन आहेत आणि लोक ते आनंदाने उडवतात, पण मला ते पटत नाही, कारण ज्याने खरं पुस मॉथ कधी बघितलं नाही (म्हणजे आपण सगळेच) तो हेच खरं समजून बसणार.

मग हे आकडे आणायचे कुठून? १९३० सालच्या विमानाचं आजच्यासारखं जाडजूड मॅन्युअल मिळत नाही. जे मिळतं त्यातून उरलेलं काढावं लागतं, आणि मला या कामात सगळ्यात जास्त मजा इथेच येते. उदाहरण देतो. इंजिन १२० हॉर्सपॉवरचं, विमानाचा जास्तीत जास्त वेग ताशी १२८ मैल म्हणजे साधारण २०६ किलोमीटर, एवढं माहीत आहे. प्रॉपेलर इंजिनची ८० टक्के ताकद कामी लावतो असं धरलं तर त्या वेगाला विमानावर हवेची ओढ साधारण १२५ किलो एवढीच असू शकते, कारण जास्त असती तर तो वेग गाठलाच नसता आणि कमी असती तर वेग वाढला असता. झालं, ड्रॅगच्या (म्हणजे या ओढीच्या) तक्त्यातली एक जागा पक्की झाली. मग दुसरी जागा क्रूझच्या (नेहमीच्या प्रवासाच्या) वेगावरून, तिसरी चढण्याच्या वेगावरून, असं करत करत तक्ता भरतो. जडत्वाचे आकडे, म्हणजे विमान कलायला आणि वळायला किती जड, हे खऱ्या विमानाला झोक्यासारखं टांगून मोजायची पद्धत होती, ते आपल्याला शक्य नाही, म्हणून इंजिन, टाक्या, पंख, बसलेली माणसं असे तुकडे पाडून प्रत्येकाचं वजन गुणिले अंतराचा वर्ग अशी बेरीज करायची. आणि हे सगळं पौंड-फुटात, कारण जेएसबीसिमचा आतला हिशोब त्यातच चालतो. प्रत्येक आकड्याशेजारी मी तो कुठून आला ते लिहून ठेवतो, मोजलेला, हिशोबाने काढलेला की अंदाज. फाइल साधी टेक्स्ट आहे आणि लायसन्स जीपीएल, म्हणजे कोणीही बदलून पुढे वाटावं असं, उद्या कोणाला माझ्यापेक्षा चांगली माहिती मिळाली तर त्याने तो आकडा उघडून बदलावा, माझी परवानगी लागणार नाही. फुकट सिम निवडण्याचं मोठं कारण हेच.

आता एक गोष्ट जवळून दाखवतो म्हणजे वेळ कुठे जातो ते कळेल. पुस मॉथला फ्लॅप, म्हणजे उतरताना वेग कमी करायला पंखाच्या मागच्या कडेला खाली वळणाऱ्या पट्ट्या, नाहीत. विमान त्या काळाच्या मानाने सुळसुळीत, त्यामुळे उतरताना वेगच कमी होईना, मैदान संपत आलं तरी तरंगतंय अशी गत. त्यावर हे विमान बनवणाऱ्या डी हॅविलंड कंपनीच्या लोकांनी काढलेला उपाय मला फार आवडतो: चाकाच्या उभ्या पायांवर हवा कापायला जे पातळ कवच असतं ते ९० अंशात फिरवता येईल असं केलं. पायलटने दांडा फिरवला की कवचाची धार हवेकडे असायची ती जाऊन त्याची रुंद बाजू हवेकडे येते आणि तोच पाय एअरब्रेक होतो. धार समोर असताना ड्रॅगचा गुणांक ०.१ च्या घरात, आणि चपटी बाजू समोर आली की १.२ च्या घरात, म्हणजे दहा-बारा पटीचा फरक.

थ्रीडीमध्ये हे दाखवणं सोपं आहे, एक अक्ष ठरवायचा आणि दांड्याच्या किमतीला ते कवच बांधून टाकायचं, एका संध्याकाळचं काम, फोटो पण झकास येतो. पण तेवढ्याने विमानाला काहीच कळत नाही. मग नकाशावरून कवचाचं क्षेत्रफळ काढा, त्याचा ड्रॅग काढा, तो पंखाच्या क्षेत्रफळाच्या हिशोबात बसवा, एक्सएमएलमध्ये वेगळं फंक्शन लिहा, दांडा अर्धाच फिरवला तर काय ते ठरवा, कारण अर्ध्या कोनात ओढ बरोबर अर्धी होत नाही. एवढं केल्यावर लक्षात येतं की ही ओढ गुरुत्वमध्याच्या खूप खाली लागतेय, म्हणजे एअरब्रेक उघडला की नाक खाली जाणार, मग त्याचं फंक्शन पिचच्या (नाक वर-खाली होण्याच्या) भागात वेगळं लिहा. मग चित्र बंद ठेवून नुसतं जेएसबीसिम चालवायचं, एकच उतरण एअरब्रेक मिटलेला, अर्धा आणि पूर्ण असं उडवून आकडे फाइलमध्ये काढायचे, ग्राफ टाकायचा आणि बघायचं की वेग, उतार, नाकाचा कोन हे एकमेकांशी जुळतंय का. या सगळ्यातून फोटो एकही निघत नाही, पण ज्या दिवशी हे जुळलं त्या दिवशी माझं विमान पहिल्यांदा पुस मॉथसारखं खाली आलं, आणि तो आनंद फोटोच्या आनंदापेक्षा कितीतरी मोठा होता.

आकडे जुळले तरी हाताला कसं लागतं हे माणसानेच सांगावं लागतं. आमच्या ओळखीत एक काका आहेत, फ्लाइंग क्लबचे निवृत्त इन्स्ट्रक्टर, टायगर मॉथवर शिकले आणि पुढे पुष्पकवर मुलांना शिकवलं. पुष्पक म्हणजे एचएएलचं १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालेलं छोटं विमान, त्याचेही पंख केबिनच्या वर आणि तेही जमिनीवर शेपटी टेकून बसणारं, म्हणजे पुस मॉथच्या जवळ जाणारा अनुभव असलेले हात आत्ता मला तेच मिळाले. जॉयस्टिक हातात दिली, त्यांनी तीन-चार लँडिंग केली आणि म्हणाले, "अरे, याला बसायची घाई झालीय. पुष्पक जमिनीजवळ आलं की जरा रेंगाळायचं, बसू की नको करायचं. हे सरळ बसतंय." मी म्हटलं, काका, किती उंचीवर रेंगाळायचं? ते म्हणाले, "तू उंची विचारतोस, मी कुठली सांगू, मला तर बुडाला कळायचं." त्या एका वाक्यावर मी पुढचे किती दिवस बसलो होतो. जमिनीलगत पंखाखालची हवा कोंडते आणि ओढ कमी होते, त्याचा एक तक्ता असतो, जमिनीपासूनची उंची भागिले पंखाची लांबी अशा हिशोबाचा. वर पंख असलेल्या विमानात हा परिणाम खाली पंखवाल्यापेक्षा कमी असतो पण असतो. तो तक्ता थोडा हलवायचा, परत काकांना बोलवायचं, चहा, चार लँडिंग, "आता जास्त झालं," परत. हे काम घाईने होतच नाही, काकांचं वय बघता मी त्यांना रोज बोलवूही शकत नाही.

अपघातांबद्दल पण विचारतात. पुस मॉथचे सुरुवातीच्या वर्षांत हवेत पंख मोडून अपघात झाले आहेत, बर्ट हिंकलर हा नावाजलेला ऑस्ट्रेलियन वैमानिक जानेवारी १९३३ मध्ये इटलीत पुस मॉथ कोसळूनच गेला. सिममध्ये अचानक पंख मोडायची सोय ठेवा असं काहींचं म्हणणं आहे. मी ती ठेवणार नाही. नक्की वाऱ्याच्या किती झोताला आणि कुठल्या वेगाला काय व्हायचं हे आकड्यात मांडण्याइतकी माहिती माझ्याकडे नाही, आणि माहितीशिवाय फासे टाकून पंख मोडणं म्हणजे खऱ्या माणसांच्या मरणाचा खेळ करणं झालं. माझ्या विमानासोबत देणार त्या मॅन्युअलमध्ये मात्र हा इतिहास पूर्ण लिहिलाय, आणि वादळी हवेत वेग कमी ठेवा हेसुद्धा.

तर सध्या गाडी अडलीय ती जमिनीवर. शेपटीवर बसणाऱ्या विमानात गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो, मॉलमधली ट्रॉली उलटी धरून जोरात सोडून बघा, गर्रकन फिरते, तसंच हे विमान धावताना जरा तिरकं झालं की मागचं पुढे यायला बघतं, रडरने सतत आवरावं लागतं. त्यात पुस मॉथला मागे चाक नाही, घसरणारी शेपटीची पट्टी आहे, ती मातीत रुतून थोडा ब्रेक लावते पण आजच्या डांबरी रनवेवर नुसती घसरते. प्रत्येक टेकणीला स्प्रिंग किती, डॅम्पिंग (उसळी जिरवणं) किती, घर्षण किती हे द्यावं लागतं, स्प्रिंग कडक झाली तर विमान उभ्याउभ्या थरथरतं, मऊ झाली तर पंख टेकतो. आणि सिममधलं आजचं जुहू डांबरी आहे, १९३२ चं मोकळं मैदान होतं, म्हणून मी जुहू आणि येरवड्याचं मैदान वेगळं बनवायला घेतलंय. जमिनीवरचं हे वागणं बसलं, काकांनी एकदा हो म्हटलं, की फाइल सगळ्यांना देणार, तारीख मी सांगणार नाही कारण ती माझ्या हातात नाही.

आवाजाचं काम बाकी आहे ते सोडून द्या, ते शेवटी. पण तुमच्यापैकी कोणाच्या घरी जुन्या अल्बममध्ये फ्लाइंग क्लबचे किंवा जुहू-येरवड्याच्या मैदानाचे त्या काळचे फोटो असतील, कोणाचे आजोबा तिथे मेकॅनिक किंवा टपालखात्यात असतील आणि त्यांनी काही लिहून ठेवलं असेल, तर मला नक्की कळवा. पुस मॉथच्या केबिनच्या आतला फोटो असेल तर फारच उत्तम, डाव्या बाजूला कुठला दांडा किती उंचीवर होता हे मला अजून एका अंधुक फोटोवरूनच धरावं लागतंय आणि फाइलमध्ये त्या ओळीशेजारी अजून "अंदाज" असंच लिहिलेलं आहे.