खर्रा, खसखस आणि पासपोर्ट: परदेशी निघण्याआधी

खेड्यातून अर्ज करताना घोळ होतो तो बहुतेक नावाचा. टीसीवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरे. आधी आधार दुरुस्त करा, मगच अर्ज भरा. ३६ पानी पासपोर्टची फी १५०० रुपये, तत्काळचे वरून २०००. पोलीस पडताळणी राहत्या पत्त्यावर होते, म्हणून त्या दिवसांत घरी थांबा. दुबई, सिंगापूरला पोहोचाल त्या दिवशी पासपोर्टची मुदत किमान ६ महिने शिल्लक हवी.

खरी जोखीम डब्यात असते. सावजी मसाल्यात खसखस असते आणि दुबईत खसखस अमली पदार्थांत मोडते. चिमूटभरही नेऊ नका, घरच्या मसाल्यात काय कुटलंय ते आईला किंवा काकूला विचारून घ्या. सिंगापूरला खर्रा चालत नाही, तिथे चघळायच्या तंबाखूवर बंदी आहे. शर्टाचे, पँटचे खिसेही झटकून पाहा, पुडी तिथेच राहून जाते.

लोणचं चेक-इन बॅगेत टाका. केबिनमध्ये १०० मिलीपेक्षा मोठी द्रवाची बाटली अडवतात, लोणच्याचं तेलही त्यातच धरतात. पॉवरबँक मात्र उलट, ती हातातल्याच बॅगेत.