मास्तरवर जीव जडलेली रीटा

साठच्या दशकातल्या इटालियन गाण्यांच्या पिक्चरची स्टोरी म्हणजे ठरलेलीच, एखाद्या पोराचं गाणं गाजलं की त्यालाच हिरो करायचं, एक गोड मुलगी, आडवे येणारे आईबाप आणि मधेमधे गाणी. 'रीटा ला झांझारा' (१९६६) त्याच घाण्यातला, पण इथे गाणारी हिरो पोरगी आहे, म्हणून मला जास्त आवडतो.

इटालियन गायिका रीटा पावोने! एवढीशी चण, बारीक कापलेले केस आणि घसा असा की भिंती हलाव्यात. इथे ती बोर्डिंग स्कूलमधली गाण्याचं वेड असलेली मुलगी, म्युझिकच्या मास्तरवर लट्टू, आणि हे मास्तर दिवसा एकदम सज्जन अन् रात्री वेगळेच उद्योग. आज बघताना मास्तर-विद्यार्थिनी प्रकरण जरा खटकतंच. मास्तर म्हणजे तरुण जानकार्लो जानीनी, हो तोच, 'कसिनो रोयाल' या बाँडपटातला मॅथिस.

खरी गंमत पुढे आहे. डायरेक्टर म्हणून नाव येतं जॉर्ज एच. ब्राउन, आणि हा ब्राउन म्हणजे इटलीची गाजलेली डायरेक्टर बाई लीना वेर्टम्युलर! बडे डायरेक्टर फेलिनी यांच्या '८½' या पिक्चरला असिस्टंट असलेली बाई इथे खोट्या नावाने धमाल करतेय. रीटाशी तिची जोडी आधीच जमलेली, १९६४-६५ मध्ये टीव्हीवर तिने रीटाला चक्क एका वांड पोराचा रोल दिला होता, आणि त्यातलं टोमॅटो घालून शिजवलेल्या पावाच्या लापशीवरचं गाणं अख्ख्या इटलीच्या तोंडी बसलं. शब्द लीनाबाईंचे, चाल नीनो रोताची, तीच 'गॉडफादर'वाली असामी. वरवर बालगीत, आत मात्र उपाशी पोटं बंड करतात ही गोष्ट, बाईंचा पुढचा सगळा तिखटपणा मला तर तिथेच दिसतो.

आणि बघा ना, १९७७ च्या ऑस्करला 'सेव्हन ब्यूटीज'साठी बेस्ट डायरेक्टरचं नॉमिनेशन मिळालेली पहिली बाई हीच, आणि त्याच पिक्चरसाठी बेस्ट अ‍ॅक्टरच्या यादीत हेच मास्तर!

रीटाची स्वतःची गोष्ट तर पिक्चरवाल्यांनाही सुचली नसती. १९६२ मध्ये रोमजवळच्या आरीचात नवोदितांची गाण्याची स्पर्धा तिने जिंकली, ती भरवणारा गायक टेडी रेनो तिचा मॅनेजर झाला आणि १९६८ मध्ये नवराही. वयात १९ वर्षांचं अंतर, केवढा गदारोळ झाला तेव्हा. पण संसार टिकला हं.

याचा पुढचा भागही आहे, १९६७ चा. त्यात रीटाची आई झालीय जुलिएत्ता मासीना, फेलिनीची बायको. तो आता या रविवारी लावणार.