पाटलीच्या आतला डाख

वडोदऱ्यात रावपुऱ्यातील एका बँक शाखेत तारणासाठी येणाऱ्या सोन्याचे मूल्यांकन करणे हे माझे काम आहे. मांडवीजवळ वडिलांची सराफी पेढी होती, तिथे भाता फुंकता फुंकता माझा हात तयार झाला. पेढी बंद होऊन वर्षे झाली, पण त्यांचा कसोटीचा दगड अजून माझ्या पेटीत आहे. 16 जून 2021 पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला असला, तरी तारणाला येणारे दागिने बहुधा आई-आजीच्या काळातले असतात. त्यांच्यावर छाप नसते, त्यामुळे कस (दगडावर घासल्यावर उठणारी रेघ), तेजाब (आम्ल) आणि डोळा यांवरच भिस्त ठेवावी लागते.

त्या मंगळवारी साधारण पस्तिशीचा एक गृहस्थ पाटल्यांची जोडी घेऊन आला. दागिने आपलेच आहेत, असे लिहून त्याने जाहीरनाम्यावर सही केली होती. वजन 46 ग्रॅमच्या थोडे वर भरले. पहिल्या पाटलीचा कस 22 कॅरेटचा, स्वच्छ उतरला. दुसरीचे आतले अंग दगडावर घासून त्या रेघांवर तेजाबाचा थेंब लावला तेव्हा एका जागची रेघ फिकी पडली, म्हणून मी भिंग लावले. तिथे जुना डाख, म्हणजे मोडलेला भाग सांधायला वितळवून भरलेल्या धातूचा जोड, होता आणि डाखाच्या कडेला कानशीचे दोन तिरके, जवळजवळ घासले गेलेले ओरखडे होते. मोडलेला दागिना सांधला की माझे वडील आतल्या बाजूने असे दोन ओरखडे ओढत, पुढे कुणी विचारलेच तर आपले काम आपल्याला ओळखू यावे म्हणून. ही पाटली सांधली त्या दिवशी भात्यावर मी होतो.

या पाटल्या दांडिया बाजारातल्या एका काकूंच्या होत्या. आठच दिवसांपूर्वी त्या मला देवळात भेटल्या होत्या. कपाटातून पाटल्या गेल्याचे सांगताना त्यांना रडू आवरत नव्हते. संशय घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंवर होता आणि त्यांना रोज पोलीस चौकीत बोलावून बसवून ठेवले जात होते. हेही मला काकूंनीच सांगितले होते.

शाखाधिकाऱ्यांच्या परवानगीने मी त्या गृहस्थाला आतल्या खोलीत नेले आणि पाटल्या कुणाच्या, एवढेच विचारले. तो म्हणाला, "आईच्या." मी माझ्या वडिलांचे नाव सांगितले, पाटली उलटी करून ओरखडे दाखवले आणि म्हणालो, "तू काकूंचा मुलगा ना? ज्यांनी हे घेतलेले नाही, त्या बाई आजही चौकीत बसल्या आहेत." त्याने तोंड ओंजळीत झाकले. बऱ्याच वेळाने त्याच्या तोंडून शब्द फुटले, "काका, पुढच्या महिन्यात मी सोडवून परत ठेवणार होतो."

मला रहस्यकथा वाचण्याचा नाद आहे. मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयातून मी त्या वर्षानुवर्षे आणत आलो आहे. त्यांत चोर सापडला की गोष्ट आटोपते आणि त्याला पैसा कशासाठी हवा होता, ते शेवटच्या पानावर दोन ओळींत उरकतात. इथे त्या दोन ओळी ऐकायलाच दीड तास लागला.

त्याने मोबाइलवर एक फोटो दाखवला. भिंतभर टीव्ही आणि त्याच्यासमोर आ वासून बसलेली दोन मुले. "हा घरी आला त्या रात्री आम्ही सगळे बारापर्यंत जागे होतो. इतकी मजा घरात कधी आली नव्हती," असे तो सांगत होता तेव्हा त्याचा चेहरा खरोखर उजळला होता, आणि तो आनंद खोटा होता असे मी कधीच म्हणणार नाही. टीव्हीमागून फ्रिज आला, मुलीचा वाढदिवस हॉलमध्ये झाला, लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला गोव्याची सहल झाली, आणि प्रत्येक वेळी हप्ता तेवढा छोटाच वाटला. हप्ते पगाराबाहेर गेले तेव्हा तो क्रेडिट कार्डावर "किमान देय रक्कम" भरून दिवस काढू लागला.

त्याच्यासमोर मी मूल्यांकनाच्या चिठ्ठीमागे हिशेब मांडला. थकबाकी 1,20,000 रुपये. महिना साडेतीन टक्क्यांनी, म्हणजे वर्षाला 42 टक्के दराने, महिन्याचे व्याज 4,200, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 756. पाच टक्क्यांप्रमाणे तो भरत होता 6,000, त्यांतून मुद्दलात जात होते जेमतेम 1,044. तो आकडा त्याने बोटाने दोनदा गिरवला. वसुलीचे फोन रात्री दहालाही येत असत. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर असे फोन करू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने 2022 मध्येच बजावले आहे, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. बायकोला ठाऊक नव्हते, आईला तर नाहीच. ज्या घरात वडिलांनी आयुष्यभर कुणाची उधारी ठेवली नाही, तिथे हा विषय काढायचा कसा, हे त्याला समजत नव्हते. मला त्याची दया आली. तरीही आठ दिवस आपल्याऐवजी दुसरे माणूस चौकीत बसले आहे हे माहीत असूनही त्याने तोंड उघडले नाही, ते मला तेव्हाही माफ करता आले नाही आणि आजही येत नाही.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 305 प्रमाणे राहत्या घरातील चोरीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हे सांगूनच मी त्याला चौकीत नेले. जबाब त्याने स्वतः दिला. संध्याकाळी पाचच्या सुमारास त्या बाईंना घरी जाऊ दिले. त्या आमच्या समोरूनच गेल्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिले नाही, माझ्याकडेही नाही.

मुद्देमाल म्हणून जमा झालेल्या पाटल्या कोर्टाच्या हुकुमाने काकूंच्या हाती यायला बरेच महिने लागले. त्या मिळताच काकू जोडी घेऊन माझ्याकडे आल्या आणि एक पाटली विकायची आहे म्हणाल्या. कार्डाचे कर्ज फेडायचे होते आणि त्या बाईंचे बुडालेले पगार द्यायचे होते. मी दोन्ही तराजूत ठेवल्या. डाखाची थोडी हलकी भरली. काकूंनी ती उचलून हातात घातली आणि दुसरी माझ्यापुढे सरकवली.

बाईंनी पैसे घेतले. कामावर मात्र त्या परत आल्या नाहीत.