आजींची वाळू

पुण्यात पेव्हर ब्लॉकची कामं घेतो, त्याला आता बरीच वर्षं झाली. तरी कोथरूडच्या एका बंगल्यातल्या पंचवीस फुटी वाटेने माझी जी शोभा केली, ती कुठल्या पार्किंगने केली नाही.

वाट मीच टाकलेली. 60 मिमीचे झिगझॅग ब्लॉक, खाली दीड इंच क्रश सँड, फटी तीन-चार मिमीच्या. पहिल्याच पावसाळ्यानंतर आजींचा फोन आला, "अरे, फटीत बोट जातंय." गेलो, बारीक वाळू झाडून भरली, पैसे घेतले. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मधल्या काळात त्यांच्या माळ्याने सिमेंटचं पाणी ओतून पाहिलं होतं. उन्हाळ्यात त्याला तडे गेले आणि खपल्या निघाल्या. ब्लॉक थोडे थोडे हलतच असतात, फटीत सिमेंट टिकत नाही. हे मी त्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलंही.

तिसऱ्यांदा गेलो ते ऑक्टोबरात. आजी त्याच वाटेवर ठेचकाळल्या होत्या, पायाला क्रेप बँडेज. काही बोलल्या नाहीत, खुर्ची टाकून समोर बसल्या. त्या बोलल्या असत्या तर परवडलं असतं.

माझ्याकडचे मामा वाळूचं पोतं उघडायला लागले, मी थांबवलं. दोन वर्षांत पाच घमेली तरी वाळू या फटींनी खाल्ली होती. पाण्याने वर आली असती तर कडेच्या लॉनवर दिसली असती. मुंग्यांनी काढली असती तर छोटे ढीग दिसले असते. काहीच नव्हतं. मग गेली कुठे?

पहारेच्या मुठीने एकेक ब्लॉक ठोकत गेलो. टण, टण, टण, आणि गच्चीच्या पाण्याचा पाईप भिंतीवरून जमिनीत उतरतो तिथे भद्द. बादलीभर पाणी ओतलं. पसरलंच नाही, जागच्या जागी गडप. आणि चार फुटांवरच्या चेंबरमधून ठिबकण्याचा आवाज आला. मामांनी झाकण उचललं. तळाशी करडी, ओली, छान चाळलेली वाळू. माझीच.

चांगल्या कामात पहिला ब्लॉक काढताना घाम निघतो, दोन्ही बाजूंनी पटाशी घालावी लागते. इथे तो पडायला आलेल्या दातासारखा हाताने निघाला. खाली वीतभर पोकळी आणि त्यात पीव्हीसी पाईपचा एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, निखळलेला. चिकटवायचं सोल्यूशन न लावता नुसता खुपसलेला होता. जोराचा पाऊस आला की पाईप तुंबून पाणी फटीतून बाहेर यायचं, ओसरलं की परत आत ओढलं जायचं आणि जाताना वाळू घेऊन जायचं. प्लंबिंग माझं नव्हतं, पण त्यावर ब्लॉक टाकताना मी वाकून पाहिलं नव्हतं, हे खरं.

एल्बो नवा बसवला, सोल्यूशन लावून. जोडाभोवती जिओटेक्स्टाईल कापड गुंडाळलं, ते पाणी जाऊ देतं पण वाळू अडवतं. पोकळीत मुरूम थराथराने धुम्मसने ठोकला. आठ-दहा ओळी उचलून पुन्हा लावल्या, दोरी धरून, बागेकडे उतार देऊन. मग कोरडी वाळू. हिच्याबाबत मी हट्टी आहे, दमट वाळू फटीच्या तोंडाशीच अडते, वरून भरल्यासारखी दिसते आणि खाली पोकळ. आदल्या दिवशी गोदामात ताडपत्रीवर वाळवून आणली होती. झाडू, वर प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे थरथरत दाबणारं यंत्र, पुन्हा झाडू. तिसऱ्या फेरीला वाळू खाली उतरायची थांबली.

पैसे घेतले नाहीत. आजींनी दिलेही नाहीत.

निघताना मामा चेंबरमधून काढलेली दोन घमेली वाळू टेम्पोत टाकायला लागले, तर आजी खुर्चीतूनच म्हणाल्या, "ती कुठे नेताय? दोनदा पैसे मोजलेत मी तिचे. तिथे कोरफडीच्या कुंड्यांपाशी ठेवा."

ठेवली.