टोबरने बांधलेली पट्टी

रसग्रहण शिबिरात मी कॅरल रीडचा 'ऑड मॅन आउट' आवर्जून दाखवतो. १९४७चा ब्रिटिश सिनेमा. शहराचं नाव कुणी घेत नाही, पण ते बेलफास्टच. गुप्त संघटनेचा म्होरक्या जॉनी मॅकक्वीन गिरणी लुटायला जातो. झटापटीत त्याच्या हातून एक माणूस मरतो, त्यालाही गोळी लागते आणि पळताना तो साथीदारांच्या गाडीतून रस्त्यावर पडतो. मग मध्यरात्रीपर्यंत नुसती वणवण. जेम्स मेसनच्या वाट्याला संवाद कमीच; डोळ्यांतली शुद्ध हळूहळू हरपत जाते, ती बघवत नाही.

या वेळी शिबिराला कॅज्युअल्टीत काम करणाऱ्या एक सिस्टर होत्या. सिनेमा संपल्यावर बाकीचे रॉबर्ट क्रॅस्करच्या छायाचित्रणावर बोलू लागले. ओले रस्ते, लांबलचक सावल्या, सांडलेल्या बिअरच्या बुडबुड्यांत जॉनीला दिसणारे चेहरे. सिस्टर बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सर, त्या दोन बायकांच्या घरातलं परत लावता का?"

लावलं. गाडीची धडक बसली असेल, असं समजून दोघी त्याला घरात आणतात, जखम बघायला घेतात. ती गोळीची आहे, म्हणजे हा तोच फरारी, हे कळतं आणि घरात कुजबुज सुरू होते. शेवटी जॉनी स्वतःच उठून बाहेर पडतो.

"आमच्याकडे एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल, पोलिसांशी संबंध येणारी केस आली की पोलिसांना कळवावंच लागतं," सिस्टर म्हणाल्या. "पण आधी रक्त थांबवायचं. इथे सगळे आधी हा कोण ते बघतायत."

खरंच होतं ते. जॉनी ज्याच्या हाती लागतो त्या शेलला त्याच्या बदल्यात काहीतरी मिळवायचंय, चित्रकार ल्यूकीला मरणाऱ्या माणसाचे डोळे रंगवायचेत. त्याच खोलीत डॉक्टरकी अर्धवट राहिलेला टोबर जखम बांधतो. सिस्टरांना तोच आवडला. "वाचला तरी फाशीच होणार, हे त्याला माहीत आहे. तरी नीट बांधतो बघा."

मागून एका मुलाने विचारलं, "आणि याने मारलेला तो गिरणीतला माणूस?"

"तो आला असता तर त्यालाही बांधली असती," सिस्टर लगेच म्हणाल्या.

मुलाला ते पटलं नाही. दोघांचं चांगलंच जुंपलं. चहाची वेळ टळून गेली, क्रॅस्करच्या सावल्या बाजूलाच राहिल्या, आणि मी मध्ये पडलो नाही.