मारलेल्या प्रत्येक माणसामागे एक वर्ष

हे वाचल्यापासून डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहून टाकते. १०६६ मध्ये इंग्लंडात हेस्टिंग्जची लढाई झाली, फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा विल्यम जिंकला, पोपचा पाठिंबाही त्यालाच होता, आणि तरी नंतर बिशपांनी त्याच्याच सैनिकांना प्रायश्चित्त लावलं. जितकी माणसं मारली तितकी वर्षं! किती मारली ते माहीत नसेल तर आयुष्यभर आठवड्यातून एक दिवस, आणि धनुर्धाऱ्यांना, ज्यांना आपला बाण कुणाला लागला हेच कळलेलं नसायचं, त्यांना तीन उपवासकाळ (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या लेंटसारखे). म्हणजे लढाई योग्य मानली तरी माणूस मारणं हे पापच, जिंकलात म्हणून सुटका नाही. मी ख्रिस्ती घरात वाढले, पण हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

आणि मग तीस वर्षंही झाली नाहीत तोवर, १०९५ मध्ये फ्रान्समधल्या क्लेरमाँच्या धर्मसभेत पोप दुसरे अर्बन सांगतात की जो मानासाठी किंवा पैशासाठी नाही, निव्वळ भक्तीने जेरुसलेमला लढायला जाईल त्याचा तो प्रवासच सगळं प्रायश्चित्त धरला जाईल. कालपर्यंत ज्याचं प्रायश्चित्त घ्यायचं तेच आता प्रायश्चित्त झालं! १०९९ मध्ये या पहिल्या क्रुसेडच्या सैन्याने जेरुसलेम घेतलं तेव्हा मुसलमानांची आणि ज्यूंची जी कत्तल झाली ती वाचवत नाही.

या सगळ्याच्या कितीतरी आधी, चौथ्या-पाचव्या शतकात, बिशप ऑगस्टीन होऊन गेला, ख्रिस्ती परंपरेत न्याय्य युद्धाचा (म्हणजे युद्ध कधी योग्य ठरतं याचा) विचार मुख्यतः त्याचा, पण त्याच्याही लेखी युद्ध ही दुःखाने करायची गोष्ट होती, पुण्य मिळवायची नव्हे. २०२० मध्ये पोप फ्रान्सिस यांनी लिहिलं की आजच्या काळात न्याय्य युद्धाचे ते जुने निकष लावणं फार अवघड झालंय. मला ते वाचून बरं वाटलं, पण केवढा उशीर.

कारण ऑगस्टीनच्याही आधी, सुरुवातीला मॅक्सिमिलियन नावाचा तरुण होता. साल २९५, उत्तर आफ्रिकेतलं तेबेसा, वय २१. रोमन सैन्यात भरती व्हायला त्याने चक्क नकार दिला, मी ख्रिस्ती आहे, मला हे जमणार नाही. अधिकारी म्हणाला, अरे सम्राटांच्या पदरी ख्रिस्ती सैनिक आहेत की, ते लढतात ना? तर हा म्हणाला, त्यांचं त्यांना ठाऊक, मी वाईट करू शकत नाही. त्याचं डोकं उडवायची शिक्षा झाली. बापाने भरतीसाठी म्हणून नवे कपडे करून ठेवले होते, ते माझी मान कापणाऱ्या या शिपायाला द्या असं तो बापाला सांगून गेला.